बिऱ्हाड हलवताना इंदूरला एक रात्र थांबण्याची पद्धत

बिऱ्हाड हलवणे म्हणजे एका गावातली अडगळ दुसऱ्या गावी नेऊन तिला पुन्हा सामान म्हणू लागणे. हे काम दोन वाहनांतून होते. ट्रकमध्ये घर असते. मोटारीत कुटुंब, देव आणि लोणच्याची बरणी असते. पुण्याहून दिल्लीकडे, म्हणजे हल्लीच्या व्यवहारात नोएडा किंवा गुरुग्रामकडे, निघालेल्या मराठी कुटुंबाला साधारण सहाशे किलोमीटरवर इंदूर लागते आणि तिथून पुढे सुमारे आठशे उरतात. एका दिवसात बापाचा पाय आणि आईची सहनशक्ती जिथवर टिकते, नेमक्या तिथेच हे शहर आहे. शिवाय प्रत्येक पुणेकराचा इंदुरात एक तरी मित्र असतो: वसतिगृहातला, बँकेतला, नाहीतर कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत भेटून कायमचा चिकटलेला. प्रस्तुत विवेचन त्या मित्राच्या घरी एक रात्र थांबण्यापुरते आहे. एक रात्र किती तासांची असते, हे पुढे यथास्थान येईल.

या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित सल्ला इंदूरच्या होळकरांच्या घराण्यातूनच आलेला आहे. मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ पानिपतच्या मोहिमेवर परतूरहून उत्तरेकडे निघाले, तेव्हा फौजेबरोबर बायकामुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे असे एक चालते शहरच होते. कुटुंबे आणि जड सामान मागे सुरक्षित ठेवून सडे पुढे जावे, असे मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी सुचवल्याचे इतिहासात नमूद आहे. ते मानले गेले नाही. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, तरी उत्तरेकडे निघालेल्या मराठी घरात आदल्या रात्री कोणीतरी ‘हे सगळं न्यायलाच पाहिजे का?’ असे विचारतोच, आणि त्याला मल्हाररावांइतकेच यश येते. होळकरांनी मात्र स्वतःचा सल्ला पाळलेला दिसतो. अहिल्याबाईंनी कारभार महेश्वरला नेला. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी पुन्हा इंदूरला आली. अख्खी राजधानी किमान दोनदा हलली. त्या तुलनेत सामान्य कुटुंबात पुरणयंत्र कोणत्या खोक्यात गेले, यावरून रात्री दोन वाजता होणारे भांडण विषयाच्या मानाने मोठे वाटते, पण ते टाळता येत नाही.

मोटारीत काय आणि ट्रकमध्ये काय, याची वाटणी करताना जे हरवले तर रडू येईल ते मोटारीत आणि जे फुटले तर राग येईल ते ट्रकमध्ये, असे धोरण ठेवावे. देव ट्रकमध्ये पाठवत नाहीत. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि शंख तांदळात पुरून स्टीलच्या डब्यात ठेवतात, डब्याला रुमालाची गाठ मारतात आणि डबा घरातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईच्या मांडीवर देतात. सीटबेल्ट डब्यावरून घ्यायचा की डब्याखालून, हा प्रश्न पहिल्याच चौकात उपस्थित होतो. खालून घ्यावा. पट्टा माणसासाठी आहे. देवांची सोय ज्याची त्याने पाहिलेली असते. तुळशीची कुंडी मागच्या सीटच्या पायाशी ठेवावी आणि तिथे ज्याचे पाय असतील त्याने ते दिल्लीपर्यंत अन्यत्र ठेवावेत. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून ती बादलीत, बादलीत चहूबाजूंनी जुनी पातळे आणि बादली डिकीच्या कोपऱ्यात, अशी रचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिने तेल थांबत नाही. फक्त ते कोणत्या पातळाला लागले, हे नंतर सांगता येते.

मोटारीच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते. तीत चाकांतल्या हवेचे आकडे दिलेले असतात, कमी माणसांसाठी वेगळे आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळे. हा दुसरा आकडा वाचण्याची बहुतेकांची ही आयुष्यातली पहिली वेळ असते. तो वाचावा आणि पाळावा. या संपूर्ण विवेचनात जिवाशी गाठ असलेली सूचना ही एकच आहे.

कागदांचे थोडक्यात. गॅसचा सिलिंडर बरोबर नेऊ नये. तो आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून व्हाउचर घ्यावे. मोटार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार तिची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी जुन्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते निघण्यापूर्वी घ्यावे, असे सर्वांना माहीत असते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. बिल्टी आणि सामानाची यादी मात्र लागते. या यादीत ‘किरकोळ’ असे लिहिलेले सात खोके असतात आणि मुलांचे शाळेचे दाखले त्यांतल्या एकात गेलेले असतात. ते काढून मोटारीत घ्यावेत.

रस्ता सरळ आहे. अहिल्यानगर, कोपरगाव, मनमाड, मालेगाव, धुळे, शिरपूर. मालेगावला मुंबई-आग्रा रस्त्याची पक्की गाठ पडते. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ३ होता. आता धुळ्यापासून पुढे ५२ आहे. क्रमांक बदलला तरी इंदूरमध्ये त्याला ए. बी. रोडच म्हणतात, आणि पत्ता विचारणाऱ्याला दुसरे काही सांगितल्यास तो रस्त्यावर उभा राहूनही हरवतो. अहिल्याबाईंचा जन्म चौंडीचा. त्यांच्याच नावाच्या जिल्ह्यातून निघून त्यांच्याच नावाचा विमानतळ असलेल्या शहराकडे जाताना वाटेत काही कमी पडणार नाही, असे मोटारीतल्या ज्येष्ठ बाईचे मत असते. नाष्टा मात्र कमी पडतो, कारण दशम्यांचा डबा ट्रकमध्ये गेलेला असतो.

पळासनेरनंतर हद्द बदलते, बिजासनचा घाट लागतो आणि सेंधव्याला मोबाईलवर मध्य प्रदेशात स्वागत असल्याचा संदेश येतो. खलघाटला नर्मदा ओलांडताना पुलावर गाडी थांबवू नये. ज्येष्ठ बाईला नदीत नाणे टाकायचे असते, चालकाला ते अशक्य असते, मागे सोळा चाकांचा ट्रक भोंगा वाजवत असतो. अशा वेळी गाडीचा वेग किंचित कमी करून हात जोडावेत आणि नाणे परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवावे, अशी तडजोड सर्वत्र मान्य झालेली आहे. धामणोदहून महेश्वर अगदी जवळ आहे. तिथे ‘फक्त घाट बघून येऊ’ म्हणून वळणाऱ्या कुटुंबाच्या सामानात दोन साड्यांची भर पडते. साड्या वजनाला हलक्या असतात, म्हणून त्यांना सामान धरत नाहीत. मानपूरच्या चढावर भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, एसी बंद करावा आणि पुढचा ट्रक ज्या गतीने चढतो आहे तीच आपली गती मानावी. नंतर महू लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म इथला, १४ एप्रिल १८९१ चा; स्मारक पाहायचे असेल तर त्यासाठी वेगळा अर्धा दिवस काढावा, यजमानांच्या फोनला उत्तर देत देत ते पाहू नये. कारण राऊ येईपर्यंत यजमानांचे चार फोन येऊन गेलेले असतात, आणि चारही वेळा त्यांनी ‘कुठवर आलात?’ असे विचारलेले असते.

यजमानांशी बोलताना इंदुरी मराठीची तोंडओळख असलेली बरी. ती शुद्ध मराठी आहे, पण मधूनमधून हिंदीच्या अंगणात जाऊन आलेली आहे. इंदुरात गोष्ट कळत नाही, ‘माहीत पडते’. जेवण आवडत नाही, ‘छान लागते’. ‘तर’ हा शब्द वाक्यात कुठेही बसतो आणि बसला की उठत नाही: ‘आता तर आलात, बसा तर खरं, चहा तर घ्या.’ या वाक्यातल्या तीन ‘तर’चे मिळून साधारण दोन तास होतात. पुणेकर पाहुण्याने यावर हसू नये. यजमान त्याच वेळी पाहुण्यांचे ‘अच्छा’ आणि ‘ओके’ मोजत असतात आणि आकडा त्यांच्याकडेही मोठा असतो. इंदुरातल्या मराठी घरांना तीन-तीन, चार-चार पिढ्या झालेल्या आहेत. सानंद या तिथल्या मराठी संस्थेने आणलेले नाटक त्यांनी तिकीट काढून पाहिलेले असते आणि पुण्यातले ते नाटक पाहुण्याने ‘बघायचं राहूनच गेलं’ म्हणून सोडलेले असते.

घरात शिरल्यावर पहिला मान देवांचा. डब्याची गाठ सोडून पाहुणे देव यजमानांच्या देवघरात, त्यांच्या देवांच्या उजव्या अंगाला, वेगळ्या ताम्हनात ठेवतात. पूजा यजमानीण करते, नैवेद्य दोन्हीकडे समान दाखवते. तांदळाचे काय करायचे, याविषयी दोन मते आहेत. यजमानीण ते परत डब्यात ओतते आणि वर आणखी मूठभर घालते. या प्रसंगी दोन्ही घरच्या अन्नपूर्णा शेजारी-शेजारी येतात. पितळेची बोटभर मूर्ती, मांडी घातलेली, हातात पळी: सगळ्या सारख्याच दिसतात. इथे कोणीतरी लक्ष ठेवणे आवश्यक आहे. पण या वेळी सगळे सराफ्याला किती वाजता निघायचे, याची चर्चा करत असतात.

सराफा हा इंदूरचा सोनारांचा बाजार आहे. दिवसा तिथे सोने विकतात. रात्री दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर आणि समोरच्या गल्लीत खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतात. सकाळी सहाला पुणे सोडलेल्या माणसाला रात्री साडेदहाला तिथे नेणे, ही इंदुरी आतिथ्याची मूळ संकल्पना आहे. ‘आम्ही दमलोय’ हे वाक्य यजमानांना ऐकू येते, पण समजत नाही. जाण्यापूर्वी घरी पोटभर जेवण झालेले असते. ते सराफ्याच्या आड येत नाही, असे इंदुरात मानतात.

तिथे खाण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम भुट्ट्याचा कीस: कोवळा मका किसून, दुधात शिजवून, वर लिंबू आणि खोबरे. मग दहीवडा, तो देणारा माणूस द्रोण भरला की हवेत उडवतो, झेलतो, आणि दह्याचा थेंब खाली पडत नाही. लहान मुलाने हे पाहिल्यावर नोएडाच्या नव्या स्वयंपाकघरात पहिल्या आठवड्यातच काय होणार, याची नोंद मनात करून ठेवावी. हिवाळा असेल तर गराडू: कंदाचे तळलेले तुकडे, वर लिंबू आणि जीरावन. जीरावन हा माळव्याचा मसाला. तो कशावर घालत नाहीत, हे विचारल्यास यजमान विचारात पडतो. मग शिकंजी. ती लिंबाची असेल असे समजून दुसरा पेला मागवणे ही परगावच्या माणसाची नेहमीची चूक आहे; इंदूरची शिकंजी आटीव दुधाची आणि सुक्या मेव्याची असते आणि एक पेला हे एक जेवण असते. शेवटी जलेबा. ही जिलबी नसून जिलबीचा थोरला भाऊ आहे. ताटलीएवढा एक घेऊन सहा जणांत तोडतात, आणि प्रत्येक जण ‘मला नको, एवढासाच’ म्हणत घेतो.

परत येताना यजमान गाडी राजवाड्याला वळसा घालून आणतात. सात मजल्यांच्या त्या प्रवेशद्वारासमोर रात्री साडेबाराला होळकरांचा इतिहास सांगितला जातो. मागच्या सीटवर या वेळी फक्त तुळस जागी असते.

सकाळी पोहे. पोह्यांबाबत पुणेकराने मौन पाळावे. होळकरांच्या काळात मराठी माणसांबरोबर पोहे माळव्यात गेले, असे सांगतात. ते खरे असेल तर सासरी गेलेल्या लेकीप्रमाणे ते आता तिथलेच झाले आहेत. इंदूरचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, तेल नाममात्र. वर रतलामी शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि अर्थातच जीरावन. शेजारी जिलबी. गोड आणि तिखट एकाच वेळी कसे खायचे, हा प्रश्न पुण्यात श्रीखंड-पुरी आणि बटाट्याची भाजी एका ताटात वाढणाऱ्या माणसाने विचारू नये.

याच सुमारास दारात कचऱ्याची गाडी गाणे वाजवत येते. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ ओळीने पहिला क्रमांक मिळवलेल्या या शहरात कचरा ही पाहुण्याची खरी परीक्षा असते. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक अशी सहा प्रकारची वर्गवारी आहे. सहाशे किलोमीटरच्या प्रवासात मोटारीत जो ऐवज जमतो तो एकाच कॅरीबॅगमध्ये असतो: केळ्याची साल, वेफर्सचे पुडे, एक मोजा, टोलनाक्यावरची पावती आणि कोणाचे तरी अर्धे सँडविच. ती पिशवी तशीच गाडीत टाकायला गेलेल्या पाहुण्याला गाडीवरचा माणूस काही बोलत नाही. तो फक्त पिशवी परत देतो. मग यजमान बाहेर येतात, त्यांच्या मागोमाग शेजारी, आणि पाहुणा दारात उकिडवा बसून सँडविचचे ओले आणि सुके वेगळे करतो. मोजा कोणत्या वर्गात जातो, यावर शेजाऱ्यांत मतभेद होतात. टोलपावतीवरून मात्र पाहुणा पकडला जातो. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा असताना पावती कशाची, असे यजमानाची मुलगी विचारते, आणि टॅगमध्ये पैसे संपल्याने दुप्पट टोल भरल्याची, घरात अजून सांगायची राहिलेली गोष्ट तिथे उघड होते.

आता प्रस्थान. ते सकाळी सातला ठरलेले असते. पोह्यांमुळे नऊ होतात, आंघोळींमुळे दहा, आणि दहा वाजता यजमानीण जाहीर करते की दाल-बाफले होतच आलेत, ‘जेवून तर जा.’ बाफला म्हणजे कणकेचा गोळा: आधी पाण्यात उकडायचा, मग भाजायचा, मग तुपात बुडवायचा. परंपरेने तो गोवऱ्यांवर भाजतात. फ्लॅटमध्ये ओव्हन चालतो. बरोबर डाळ, चटणी आणि लाडू. तीन बाफले खाल्लेल्या माणसाने मोटार चालवू नये, असा कायदा अद्याप झालेला नाही, पण निसर्गाने त्याची तजवीज केलेली आहे. जेवण दीडला संपते. दोनला सर्व पुरुष आणि एक आजी दिवाणखान्यात चटईवर आडवे असतात. साडेपाचला जाग येते, चहा होतो आणि ‘आता अंधारात कुठं निघता’ या वाक्याने दुसरा मुक्काम सुरू होतो. सारांश, ‘एक रात्र’ हे एकक किमान अडतीस तासांचे धरावे. मधल्या संध्याकाळी छप्पन दुकानला जातात. दुकाने खरोखर छप्पन आहेत की नाहीत, हे मोजायला निघालेला पाहुणा अकराव्या दुकानापुढे गेल्याचे ऐकिवात नाही.

याच सुमारास ट्रकचा फोन येतो. आदल्या दिवशीपर्यंत ‘धुळ्याच्या पुढे आहे’ एवढेच सांगणारा चालक नोएडाच्या फाटकाशी उभा असतो आणि गाडी कधी खाली करायची ते विचारतो. वेळेत खाली न केल्यास हॉल्टिंग लागते, म्हणजे उभ्या ट्रकचे भाडे. दर दिवसावर असतो आणि तो बिल्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेला असतो. हे यजमानांना सांगू नये. सांगितल्यास नोएडात त्यांचा एक मावसमेहुणा निघतो, तो जाऊन सामान उतरवून घेतो आणि सगळे खोके बैठकीच्या खोलीत, ‘किरकोळ’ लिहिलेले सर्वांत खाली, असे रचून ठेवतो. शिवाय निघण्याचे शेवटचे कारणही हातचे जाते आणि मुक्काम तिसरा होतो.

निघताना डिकी पुन्हा भरावी लागते. तिच्यात आता दोन किलो शेव, जीरावनाची बरणी, उरलेले बाफले, लाडू आणि ‘वाटेत खायला’ पुऱ्या आहेत. हे सर्व यजमानांच्या स्टीलच्या डब्यांत आहे. डबे पुढे नोएडाला जातात आणि रिकामे परत करण्याची पद्धत नसल्याने वर्षानुवर्षे तिथेच राहतात. लोणच्याची बरणी जागा नसल्याने इंदुरात ठेवून जाण्याचा प्रस्ताव येतो. तो स्वीकारावा. मल्हाररावांच्या सल्ल्याची अंमलबजावणी व्हायची एवढी एकच संधी या प्रवासात मिळते.

मोटार कोपऱ्यावर वळली की यजमानांच्या घरात राहिलेल्या वस्तूंची मोजणी सुरू होते आणि देवासपर्यंत, म्हणजे सुमारे पस्तीस-चाळीस किलोमीटरमध्ये, फोन येतो. देवासच्या अलीकडे औषधे, शाळेचे दाखले आणि देव यांसाठी गाडी वळवावी. चार्जर, छत्री आणि मुलाचा एक बूट यांसाठी वळवू नये, ते कुरिअरने येतात. देवासच्या पुढे कशासाठीच वळू नये, कारण परत गेल्यास जेवायची वेळ झालेली असते.

अन्नपूर्णेची अदलाबदल मात्र फोनवर कळत नाही. ती नोएडात, डबा उघडून तांदूळ झटकल्यावर उघडकीस येते. यजमानांच्या देवीची पळी सरळ असते. आपल्या देवीची किंचित उजवीकडे वाकलेली असते, कारण १९९१ साली ती एकदा पाटावरून पडली होती. ज्येष्ठ बाई हे एका दृष्टिक्षेपात ओळखते. दोन्ही घरांनी फोटो पाठवून खात्री करून घ्यावी. मूर्ती कुरिअरने पाठवत नाहीत, त्यामुळे पुढची भेट होईपर्यंत जिथली देवी जिथे आहे तिथेच राहते. नोएडात तिला वरण-भाताचा नैवेद्य दाखवतात. इंदुरातल्या पाहुणीला सकाळी पोहे असतात, वर चिमूटभर जीरावन घालून.